नाव कमी करण्याचा अर्ज

सोनाळ्याच्या बसस्टँडसमोर माझं ऑनलाईन सेंटर आहे. सातबारा, रेशनकार्ड, पीकविमा, दाखले, झेरॉक्स, सगळं होतं. नाव अविनाश. गावात मला चिडका म्हणतात आणि ते खरं आहे. जन्मतारीख विचारली की माणूस म्हणतो, "लिहा ना अंदाजे." आता चिडू नको तर काय करू? इथं मी जमेल तेवढं पुस्तकी लिहितोय, पण राग आला की बोली बाहेर येईल, तेवढं सांभाळून घ्या. खरं तर ही गोष्ट मला सांगायचीच नव्हती. पण ती मी एकदा सगळ्यांना खोटी सांगून बसलोय, म्हणून आता खरी सांगणं भाग आहे.

सेंटरच्या कपाटावर एक छोटा कॉम्प्युटर दिवसरात्र चालू असतो. तो माझा पार. म्हणजे गावातल्या लोकांनी फोटो टाकायची, गाणी टाकायची, एकमेकांची खुशाली विचारायची जागा. सगळं जग ज्या मोठ्या कंपनीच्या मोबाईलमधल्या बाजारात जाऊन बसलंय, तिथं मालक एक आणि आपण सगळे उपरे. तो म्हणेल तेव्हा उठायचं. माझं म्हणणं असं, की प्रत्येक गावाचा आपापला पार असावा. सोनाळ्याच्या पारावर बोललेलं लोणारच्या पारावर ऐकू जावं, लोणारचं आपल्याला यावं, पण वर मालक कोणी नसावा. एखाद्याला आपला पार नाही आवडला, तर त्यानं आपलं बिऱ्हाड उचलून दुसऱ्या पारावर जावं. अशी सोय खरंच आहे, जगात लोक वापरतात. मी पाच वर्षं घसा कोरडा केला. पारावर माणसं आली अकरा, त्यातली चार मीच होतो, वेगवेगळ्या नावांनी, तपासून पाहायला.

शेजारी गोविंदाचं चहाचं हॉटेल. तो रोज सकाळी ग्लास ठेवताना विचारायचा, "काय बे, आज कोन आलं तुह्या पारावर? का वहिनीनंच सुविचार टाकला?" मी म्हणायचो, "हस लेका, एक दिवस तुहा बाजार उठन तवा येशील." तो हसत निघून जायचा. असं आमचं चालायचं.

मला पारावर खरं माणूस हवं होतं ते एकच, पुष्पाकाकू. त्या आल्या असत्या तर अख्खं गाव मागं आलं असतं. काकू गायच्या. पाळण्याची, लग्नातली, आणि सगळ्यात जास्त भुलाबाईची गाणी. ज्यांना भुलाबाई माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडं भादव्याच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत पोरी घरोघरी मातीच्या भुलाबाईपुढं गाणी म्हणतात. गाण्यात एकीनं विचारायचं, दुसरीनं उत्तर द्यायचं. शेवटी घरधनीण झाकणाचा डबा हलवते आणि आत खाऊ काय आहे ते पोरींनी आवाजावरून ओळखायचं. ओळखता आलं नाही तर डबा उघडत नाही, पोरी गोड का तिखट, कोरडं का ओलं, असं विचारत राहतात.

काकूंची चारशे बारा गाणी कंपनीच्या बाजारात होती. खातं मात्र वामनकाकांच्या, म्हणजे त्यांच्या नवऱ्याच्या नावावर. घरावरची पाटी वामनराव, सातबारा वामनराव, मीटर वामनराव, तसं हेही वामनराव. गाणं म्हणायची बाई आणि वर फोटो मिशावाल्या माणसाचा. सुरतेच्या, पुण्याच्या बाया खाली लिहायच्या, "वामनराव, काय गोड गळा आहे तुमचा." काकू ते मला वाचायला लावायच्या आणि पदर तोंडाला लावून हसायच्या. वामनकाका संत्र्याच्या बगिच्यातून आले की म्हणायचे, "म्या आज कोनतं गाणं म्हटलं वं?"

यातल्या साठेक गाण्यांत दुसरा आवाज होता. सुवर्णाचा. काकूंची पोरगी. खामगावला दिली होती, भुलाबाईच्या महिन्यात न चुकता माहेरी यायची. काकू विचारायच्या, ती उत्तर द्यायची, आणि डबा ओळखण्यात तिचा हात कोणी धरायचं नाही. फुटाणे आणि शेंगदाणे यांचा आवाज वेगळा असतो हे मला तिच्यामुळं कळलं. चार वर्षांपूर्वी डेंग्यूनं आठ दिवसांत गेली. एकोणतीस वर्षांची होती.

तेव्हापासून काकू दुपारी भांडी घासताना मोबाईल खिडकीत उभा करून ठेवायच्या. आपलंच गाणं लावायच्या. आपला आवाज चालू असताना हात चालायचा, सुवर्णाचा आला की थांबायचा. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, खोटं सांगत नाही. फोनमधली मूळ गाणी कधीच पुसली गेली होती. मोबाईल भरला म्हणून शिवमनं, त्यांच्या मुलानं, ती काढून टाकली होती. "कंपनीत हायेच ना," म्हणाला. सगळं जग असंच म्हणतं.

मागच्या दिवाळीत काकू फराळाचं ताट घेऊन सेंटरवर आल्या.

"अविनाश, सुवर्णाचे गाणे मले पेनड्राईव्हमध्ये भरून दे बरं. रेंज नसली का मले कसंतरीच होते."

"पेनड्राईव्ह कायले काकू? पारावर या. तुम्ही आल्या का सगळेच गाणे इकडं आणून टाकतो."

"पारावर कोन ऐकते मले? तिकडं सुरतच्या बाया वाट पाहते."

"मंग राहू द्या तिकडंच."

हे मी हसत म्हटलं, पण मनात डाव होता. पेनड्राईव्ह दिला की काकूंची गरज संपली. अडलेल्या राहिल्या तर कधीतरी पारावर येतील. साठ गाणी उतरवून घ्यायला एक दुपार पुरली असती. मी ती दुपार दिली नाही. त्यांनी आणलेला चिवडा मात्र खाल्ला.

फाल्गुनात वामनकाका गेले. बगिच्यातच छातीत दुखलं, शेगावला नेईपर्यंत संपलं होतं. तेरवी झाली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी शिवम फाईल घेऊन माझ्याकडं आला. तो अकोल्याला नोकरीला असतो, रजा दोनच दिवस उरली होती. माणूस गेला की आमच्या सेंटरवर एक ठरलेलं काम असतं, त्याला आम्ही "नाव कमी करणं" म्हणतो. रेशनकार्डातून नाव कमी, गॅसवरून नाव कमी, मीटरवरून नाव कमी. मृत्यूचा दाखला जोडायचा, नाव कमी करून घ्यायचं, मग वारसाचं नाव चढतं. चुकलं तर तलाठी त्रुटी काढतो, हरकतीला मुदत असते, टेबलावर कोणीतरी बसलेलं असतं आणि ओरडून का होईना सांगतं की हा कागद नाही, तो आण.

चार अर्ज झाले. शिवम म्हणाला, "दादा, आईच्या गाण्याचं खातंही बाबाच्या नावानं हाय. लोकं प्रत्येक गाण्याखाली श्रद्धांजली लिहून राह्यले. सुवर्णाच्या गाण्याखालीही. आईले पाह्यवत नाही. तिथंही आईचं नाव चढवून द्या."

नाव बदलायला गेलो तर कंपनीनं कोड पाठवला वामनकाकांच्या नंबरवर, आणि तो नंबर शिवमनं आदल्याच दिवशी बंद केलेला. तेही नाव कमी. मग मी शोधून शोधून कंपनीचा मयताचा अर्ज काढला. त्यात वारस हा शब्दच नव्हता. दोन रकाने होते. एक, खातं आठवण म्हणून ठेवा. दोन, खातं काढून टाका. आठवण म्हणून ठेवलं तर ते काकांच्या नावानं कुलूप लागून राहील, काकूंना त्यावर गाणं टाकता येणार नाही, एवढं मला कळलं. आणि दुसरा रकाना दिसल्यावर माझ्या हाताला तो सवयीचा वाटला, नाव कमी. आधी काकांचं कमी होईल, मग काकूंचं चढवू. काही चुकलंच तर त्रुटी निघेल, कोणीतरी विचारेल. मी दाखला जोडला आणि बटण दाबलं.

मी. पाच वर्षं जो गावाला सांगत होतो की तिथं टेबल नाही, साहेब नाही, दाद नाही, तो मी. त्या कंपनीला मी तहसील समजून अर्ज केला. इतर कोणी केलं असतं तर मी त्याच्या सात पिढ्या काढल्या असत्या.

सहा दिवसांनी मेसेज आला, विनंती मान्य. मी खुश झालो. शिवमला फोन करून म्हटलं, "झालं काम, दोन दिवसांनी आईचं नाव चढवू." चार वाजता काकू मोबाईल घेऊन आल्या. पांढऱ्या कपाळानं त्या पहिल्यांदाच घराबाहेर पडल्या होत्या.

"अविनाश, हे उघडून नाही राह्यलं पाय बरं. रेंज नसन."

मी पाहिलं. हे खातं आता उपलब्ध नाही. मी त्यांच्या हातातून मोबाईल घेतला, बंद केला, चालू केला, पुन्हा पाहिलं. आपल्या कॉम्प्युटरवर पाहिलं. चारशे बारा गाणी गेली होती.

"काकू, थोडं थांबा, कंपनीचं काहीतरी चालू हाय," मी म्हटलं. त्या स्टुलावर बसल्या. सेंटर बंद करायच्या वेळेपर्यंत बसून होत्या.

पुढचे वीस-पंचवीस दिवस मी काय केलं ते सांगत नाही, अर्ज केले एवढंच सांगतो. तेवीस अर्ज. उत्तर मशिनीचं, दर वेळेला तेच, तुमच्या विनंतीनुसार खातं कायमचं काढून टाकलं आहे. मग मी गावात फिरलो. ज्यानं ज्यानं काकूंचं गाणं कोणाला पाठवलं असेल त्याचा मोबाईल मागितला. लोकांनी कौतुकानं काढून दिले. पण लोकांनी गाणी पाठवलीच नव्हती, लिंका पाठवल्या होत्या. दाबलं की सगळ्या त्याच कोऱ्या पानावर जात होत्या. सुवर्णाचं एक अक्षर कुठं सापडलं नाही. खामगावला तिच्या नवऱ्यालाही फोन केला. तो म्हणाला, "मीही तिथंच ऐकत होतो दादा." मी फोन ठेवला आणि सेंटरचं शटर ओढून आत रडलो.

दुसऱ्या दिवशी गोविंदानं चार लोकांत विचारलं, "काय झालं बे काकूच्या गाण्याचं?"

माझ्या तोंडातून निघालं, "कंपनीनं खाल्ले."

बस, एवढंच. दोन शब्द. ते साफ खोटंही नव्हतं, म्हणून जिभेवर सहज बसलं. गोविंदाचा चेहरा पडला. तो ग्लास ठेवून माझ्या सेंटरमध्ये आला आणि म्हणाला, "माहं खातं काढ तुह्या पारावर." माझ्या आयुष्यातलं हे सगळ्यात मोठं यश, आणि मला त्याच्या डोळ्यांत पाहता येईना.

मग लाईन लागली. काकूंच्या गाण्यांवर सगळ्या गावाचा जीव होता. पुष्पाबाईसारख्या माणसाचं एका दिवसात पुसून टाकते म्हणजे आपलं काय, असं म्हणत बाया आल्या, बचतगट आला, शाळेतले मास्तर आले. महिन्याभरात एकशे त्रेचाळीस माणसं. पाच वर्षं समजावून जे झालं नाही ते माझ्या चुकीनं झालं आणि मी खुर्चीवर बसून खाती काढत राहिलो.

काकूही आल्या. म्हणाल्या, "काढ माहं बी. जे गेलं ते गेलं. आता म्हणीन ते तं नाही ना जाणार?"

"नाही जाणार," मी म्हटलं.

"नाव काय लिहू? वामनराव लिहू का?" मी विचारलं.

"लाव वामनराव," त्या म्हणाल्या, "पन आंधी मी."

मी पुष्पाबाई वामनराव असं लिहिलं. त्यांचं नाव कुठंतरी पहिलं आलेलं त्यांनी अठ्ठावन्न वर्षांत पहिल्यांदा पाहिलं असेल. बोटानं अक्षरं लावत वाचलं आणि मान हलवली. त्यानंतर त्यांनी पारावर नऊ गाणी टाकली. सगळी एकटीनं म्हणायची. ज्यांत दुसरीनं उत्तर द्यायचं असतं, त्यातलं एकही नव्हतं.

श्रावणात बुलढाण्याच्या एका कॉलेजनं मला भाषणाला बोलावलं. आमच्या पाराची गोष्ट तिथवर गेली होती. काकूंनाही घेऊन या म्हणाले. लोणारच्या धम्मशीला मॅडमही आल्या होत्या. त्या लोणारला कॉम्प्युटर शिकवतात आणि तिथल्या बायांचा असाच पार चालवतात. माणूस मोजकं बोलणारं. मी अर्धा तास बोललो. काकूंची गोष्ट सांगितली, सुवर्णाचं नाव घेतलं तेव्हा समोरच्या पोरी डोळे पुसायला लागल्या. काकू पहिल्या रांगेत मांडीवर हात ठेवून बसल्या होत्या.

टाळ्या झाल्यावर धम्मशीला मॅडम उठल्या. "सर, एक विचारायचं होतं. खातं काढून टाकलं की कंपनी कारण कळवते. तुम्हाला काय कारण कळवलं?"

सगळा हॉल माझ्याकडं पाहत होता. काकूही.

"काहीच नाही," मी म्हटलं.

मॅडमनी माझ्याकडं थोडा वेळ पाहिलं आणि बसल्या. नंतर जेवणात त्या काकूंजवळ जाऊन बसल्या, दोघी बराच वेळ बोलत होत्या.

परतीची बस दुपारी होती. काकू खिडकीला, मी शेजारी. बस घाट उतरली. मग मी म्हटलं, "काकू, गाण्याचं खातं कंपनीनं नाही पुसलं. म्या पुसलं."

त्यांना कळलं नाही. मी सगळं सांगितलं. शिवमची फाईल, दोन रकाने, दाखला, माझं बटण, विनंती मान्य. शिवमचा यात दोष नाही, त्यानं फक्त तुमचं नाव चढवा म्हटलं होतं, हेही सांगितलं. सांगताना बसमधली माणसं वळून पाहत होती, पण मला थांबता येईना.

काकू खिडकीबाहेर पाहत राहिल्या. मोताळा गेलं. नांदुरा आलं, बस दहा मिनिटं थांबली, माणसं चढली, उतरली. मी पाणी आणलं, त्यांनी घेतलं नाही. आमच्याकडच्या जळगावच्या अलीकडं त्या बोलल्या.

"अर्जाचं राहू दे. हात चुकते मानसाचा. तू मले दिवाळीत पेनड्राईव्ह काऊन नाही देल्ला?"

याचं उत्तर मला माहीत होतं. म्हटलं, "तुम्ही पारावर यावं म्हणून."

"म्हंजे माही पोरगी तू अडकून ठेवली होती."

मी हातातली पाण्याची बाटली पायाशी ठेवली.

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "तुह्या पाराची चावी, तो पासवर्ड का काय, कोनापाशी हाय?"

"माह्यापाशी."

"अजून कोनापाशी?"

"कोनापाशीच नाही."

त्यांनी मान हलवली. आवाज चढवला नाही, एक शब्द वाकडा बोलल्या नाहीत. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, दोन थपडा मारल्या असत्या तरी चाललं असतं. सोनाळ्याला उतरल्यावर मी त्यांची पिशवी घ्यायला हात पुढं केला. त्यांनी पिशवी स्वतः उचलली आणि घराकडं गेल्या.

पाचव्या दिवशी सकाळी सेंटरवर आल्या. उभ्यानंच बोलल्या.

"तू म्हनत होता ना, इथून कोनालेही उठून जाता येते? आपलं सगळं घेऊन?"

"हाव."

"मंग मले जाचं हाय. धम्मशीलाबाईच्या पारावर. मी तिच्याशी बोलली. तिच्या इथं चावी तीन बायांपाशी राह्यते."

मी म्हणू शकलो असतो की थांबा, मीही तीन चाव्या करतो. ओठावर आलं होतं. पण माणूस जायला निघाल्यावर दार मोठं करण्यात काय अर्थ? मी खुर्चीवर बसलो आणि त्यांचं बिऱ्हाड बांधलं. नऊ गाणी, नाव, ऐकणाऱ्यांची यादी. सगळं लोणारला पाठवलं. मग ड्रॉवरमधून नवीन पेनड्राईव्ह काढला, तीच नऊ गाणी त्यात भरली आणि त्यांच्यापुढं धरला. त्यांनी तो घेतला, उलटासुलटा करून पाहिला आणि पदराच्या टोकाला गाठ मारून बांधला.

"याले किती वेळ लागला?" त्यांनी विचारलं.

"दोन मिनटं."

"दोनच?" म्हणाल्या, आणि पायऱ्या उतरून गेल्या.

त्याच दुपारी मी पारावर सगळं खरं लिहिलं. जसं घडलं तसं, पेनड्राईव्हसकट. दोन दिवसांत साठ-सत्तर माणसं उठून गेली. काही लोणारला, बाकीची परत कंपनीच्या बाजारात. जे बाजारात गेले त्यांना मी काय तोंडानं अडवणार? गोविंदा सकाळी चहा घेऊन आला, ग्लास ठेवला, चिडवलं नाही. "मी हाओ बे इथंच," एवढंच म्हणाला. आता चावी त्याच्याकडं आहे, बचतगटाच्या जनकाबाईंकडं आहे, आणि सगळ्या गाण्यांची एकेक प्रत तीन घरांत आहे. हे आधी करायला काय लागलं असतं, ते विचारू नका. मी स्वतःला रोज विचारतो.

माझा पार बरोबर होता, हे मात्र सिद्ध झालं. मी पाच वर्षं सांगत होतो की इथून माणसाला आपलं घेऊन जाता येतं, कोणी अडवत नाही, आणि गेल्यावरही त्याचा आवाज तुटत नाही. ते पहिल्यांदा खरं करून दाखवलं पुष्पाकाकूंनी, मला सोडून जाऊन.

परवा भादव्याची पौर्णिमा झाली. दुपारी सेंटरमध्ये कोणी नव्हतं. स्क्रीनवर लोणारच्या पारावरून एक नवीन गाणं आलं, खाली नाव, पुष्पाबाई वामनराव. मी आधी त्याच्या तीन प्रती केल्या, आणि मग ऐकायला बसलो.

भुलाबाईचं गाणं होतं, एकीनं विचारायचं, दुसरीनं उत्तर द्यायचं असं. काकूंनी पहिली ओळ विचारली आणि गप्प बसल्या. उत्तर म्हणायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ काहीच आवाज नाही, फक्त कुठंतरी लांब मोटारपंप चालू होता. मग दुसरी ओळ विचारली, पुन्हा तेवढ्याच थांबल्या. अख्खं गाणं असं म्हटलं. अर्धं त्यांचं, अर्धं रिकामं. दुसऱ्या कोणाला वाटेल बाई विसरली. मला ती रिकामी जागा सगळी पाठ होती, त्या आवाजासकट, आणि तो आवाज आता माझ्या डोक्यात सोडून कुठंच उरला नव्हता. त्यांच्या डोक्यात असेल.

शेवटी त्यांनी डबा हलवला.

"ओळख बरं काय हाय," म्हणाल्या.

मला आवाजावरून कळलं, फुटाणे होते. खाली उत्तर लिहायची जागा होती. बोटं कीबोर्डवर गेली आणि मी ती मागं घेतली, कारण त्यांनी मला विचारलं नव्हतं. काकू डबा धरून थांबल्या होत्या, आणि मी इकडं सोनाळ्यात त्यांच्यासोबत गाणं संपेपर्यंत थांबलो. डबा त्यांनी उघडला नाही.